बऱ्हाणपूरच्या वेशीवरचा हबशी

परवा फोंड्याकडच्या एका लग्नात जुने स्नेही भेटले. त्यांची पुतणी अमेरिकेत शिकते. पंगतीला शेजारी बसलो, सोलकढीची वाटी हातात आली, आणि त्यांनी विषय काढला.

"अहो, तिच्या विद्यापीठात एक शिष्यवृत्ती आहे म्हणे. कुणा वारलेल्या माणसाच्या नावाने ठेवलेली. फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी. आणि तीही कशाला, तर जनसंपर्क शिकायला! आता तुम्हीच सांगा, द्यायची तर डॉक्टरकीला द्यावी, इंजिनियरिंगला द्यावी. चार लोकांशी गोड बोलायला शिकण्यासाठी कसली आली आहे शिष्यवृत्ती? आणि ती रंग बघून कशाला?"

पंगतीत हशा पिकला. मीही हसलो. पण घरी परतताना ते हसणे काही मनातून जाईना. त्यांचे दोन्ही प्रश्न तसे सरळ होते. हाच व्यवसाय का? आणि हीच मुले का? उत्तर शोधता शोधता मन भलतीकडेच गेले, थेट बऱ्हाणपूरला. कसे ते सांगतो.

बऱ्हाणपूर म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली हे श्रीमंत मोगली शहर लुटले, ही पहिली. २०२५ मध्ये आलेल्या 'छावा' चित्रपटाने ती नव्या पिढीलाही पाठ करून दिली. दुसरी म्हणजे शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१ साली इथेच वारली आणि ताजमहालात जाण्यापूर्वी तिचे दफन तापीपलीकडे जैनाबादला झाले होते. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे. पण जळगाव जिल्ह्याला इतके लागून, की तिथल्या बाजारात हिंदीबरोबर मराठीही सहज कानावर पडते.

मला मात्र आठवला तो तिथल्या जामा मशिदीतला एक शिलालेख. फारुकी सुलतान आदिलशहा, ज्याला राजा अली खान म्हणतात, त्याने सोळाव्या शतकाच्या शेवटी ही मशीद बांधली. आत अरबी लेख आहे आणि त्याच्या जोडीला चक्क संस्कृत लेख कोरलेला आहे. सुलतानाच्या घराण्याची वंशावळ आणि बांधकामाचा काळ आपल्या पंचांगाच्या भाषेत! नमाजाला येणाऱ्या माणसाला त्या संस्कृताचा काय उपयोग? मग तो लेख कुणासाठी? मला वाटते, ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्याशी त्यांच्या विद्येच्या भाषेत बोलावे लागते, हे त्या सुलतानाला पक्के ठाऊक होते. मी कोण, माझे पूर्वज कोण, हे मी सांगेन आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगेन. जनसंपर्क म्हणतात तो हाच. गोड बोलणे हा त्याचा वरवरचा भाग. खरा गाभा आहे तो आपली ओळख आपण सांगण्याचा हक्क.

हा हक्क ज्याच्याकडे नसतो त्याचे काय होते, तेही बऱ्हाणपूरच्याच इतिहासात सापडते.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. अरबस्तान, बगदाद असे धनी बदलत बदलत तो अहमदनगरच्या निजामशाहीत पोचला. तिथे त्याला विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा वजीर स्वतःही हबशीच होता. हा मुलगा पुढे मलिक अंबर झाला. निजामशाही मोडकळीला आली असताना त्याने ती खांद्यावर घेतली, १६१० मध्ये खडकी वसवली (पुढे तिचेच औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले), तिथे नहरीचे पाणी आणले, जमीनमहसुलाची घडी बसवली, आणि मराठा सरदारांना बरोबर घेऊन गनिमी काव्याने मोगलांना वर्षानुवर्षे सतावले. मोगलांचा दक्षिणेतला सगळा कारभार तेव्हा बऱ्हाणपुरातून चाले. शहजादे तिथे, खजिना तिथे, तोफा तिथे. आणि १६२० मध्ये या हबशाच्या फौजा त्याच बऱ्हाणपुराला वेढा घालून बसल्या होत्या!

आता गंमत पाहा. १६१६ च्या सुमारास जहांगीर बादशहाचा दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. सध्या ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य आहे, आणि समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचे छाटलेले काळे डोके. बादशहा त्यावर बाण मारतो आहे. भोवती घुबडे.

प्रत्यक्षात यातले काहीही घडले नव्हते. जहांगीराला अंबरचे डोके कधीच मिळाले नाही. ते चित्र रंगले त्यानंतर दहा वर्षे अंबर जगला, लढला, आणि १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला. पण बादशहाकडे चित्रकार होता, कागद होता, रंग होते. रणांगणावर जे जमले नाही ते त्याने कागदावर उरकून घेतले. आत्मचरित्रातही अंबरचे नाव काढताना त्याच्या काळ्या वर्णावरून हिणवल्याशिवाय त्याला राहवले नाही. त्या काळातला हा उत्तम जनसंपर्क! आणि त्याची ताकद अशी, की चारशे वर्षांनंतरही अंबरवरचे इंग्रजी पुस्तक किंवा लेख उघडावा तर बहुधा हेच चित्र समोर येते.

याच माणसाचे दुसरेही एक चित्र आहे, पण ते शब्दांतले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात अंबरचा उल्लेख पराक्रमी म्हणून, आदराने येतो. कारण उघड आहे. शहाजीराजांच्या पिढीने हा माणूस जवळून पाहिला होता, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने तलवार चालवली होती. जवळच्याने काढलेले चित्र आणि लांबून, उंचावरून काढलेले चित्र यांत एवढा फरक पडतो. पुढे अंबर मेल्यावर मोगल इतिहासकार मुतमदखानानेही कबूल केले की युद्धात आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती. ते ऐकायला अंबर उरला नव्हता, एवढेच.

इथून अमेरिकेत जायला फार लांबची उडी मारावी लागत नाही. तिथल्या गुलामांच्या वंशजांनाही हेच भोगावे लागले. विसाव्या शतकातल्या जाहिराती काढून पाहा. पॅनकेकच्या पिठाच्या डब्यावर डोक्याला रुमाल बांधलेली, दात काढून हसणारी काळी स्वयंपाकीण, तिचे नाव आँट जेमिमा. धन्याची सेवा करण्यात जिला धन्यता वाटते अशी. हे चित्र काढणारे गोरे, छापणारे गोरे, विकणारे गोरे. ते बाजारातून जायला २०२१ साल उजाडावे लागले.

या चित्रांविरुद्ध सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्याचबरोबर काही माणसे ही चित्रे जिथे ठरतात त्या खोलीत शिरली. मॉस केंड्रिक्स हे त्यांतले एक. अटलांटात जन्मलेल्या केंड्रिक्स यांनी १९४४ मध्ये वॉशिंग्टनला स्वतःची जनसंपर्क संस्था काढली. कोका-कोलासारख्या कंपनीला त्यांनी पटवले, की कृष्णवर्णीय माणूसही पैसे मोजून तुमचा माल घेतो, तेव्हा जाहिरातीत त्याला माणसासारखे दाखवा. दुसरे ओफील्ड ड्यूक्स. डेट्रॉईटमध्ये वाढले, पत्रकारिता शिकले, पण गोऱ्या मालकांच्या वर्तमानपत्रांनी दार उघडले नाही, म्हणून कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात काम केले. १९६९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला आपली संस्था उघडली. पहिले गिऱ्हाईक होते मोटाऊन ही प्रसिद्ध संगीत कंपनी. पण मला त्यांचे मोठेपण वाटते ते दुसऱ्या गोष्टीत. हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे हा विषय शिकवला आणि १९९३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय जनसंपर्क व्यावसायिकांची संघटना उभी केली. आपण आत शिरलो, आता दार ओढून घेऊ, असे त्यांनी केले नाही. २०११ साली ते वारले.

असा माणूस गेल्यावर त्याची आठवण कशी ठेवावी? पुतळा उभारता येईल, सभागृहाला नाव देता येईल. पण त्याने ज्या दारातून कष्टाने प्रवेश मिळवला त्याच दारातून दरवर्षी आणखी एका मुलाला आत नेणारी शिष्यवृत्ती, याहून नेमकी आठवण कुठली? आमच्या स्नेह्यांच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हे. डॉक्टरकीची शिष्यवृत्ती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण पोलिसांचे निवेदन, सरकारी पत्रक, कंपनीची जाहिरात, उद्याच्या वर्तमानपत्रातली बातमी यांत एखाद्या समाजाबद्दल कुठला शब्द वापरायचा हे कुठल्या तरी टेबलावर ठरत असते. त्या टेबलाशी त्या समाजाचा एकही माणूस नसेल तर तो शब्द नेहमी दुसऱ्याचाच असणार.

आता दुसरा प्रश्न. हीच मुले का? गुणवत्ता पाहावी, रंग कशाला? हे आपल्याकडे नेहमी ऐकू येते, तेव्हा उदाहरणही आपल्याकडचेच घेतो.

मराठी जगातली सर्वांत मानाची स्मृती-शिष्यवृत्ती म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला ती मिळे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले हे आपले सी. डी. देशमुख. ही शिष्यवृत्ती गुणवत्तेची, त्यात शंका नाही. जात विचारण्याचा प्रश्नच नव्हता, गुण पाहायचे. पण त्याआधी पाचच वर्षे, १९०७ मध्ये, त्याच मुंबईत भीमराव आंबेडकर नावाचा एक मुलगा मॅट्रिक झाला होता. त्याला संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून शाळेत ते शिकू दिले नाही. त्याला फारसी घ्यावी लागली. मग शंकरशेठ शिष्यवृत्ती त्याच्यासाठी खुली होती की बंद? कागदावर खुली होती. फक्त तिच्याकडे जाणारा रस्ता कुणीतरी आधीच खोदून ठेवला होता.

त्या मुलाला पुढे नेले ते दुसऱ्या जातीच्या मदतीने, म्हणजे तो कोण आहे हे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या मदतीने. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिचे फळ आपण सगळे जाणतो. पण एक फळ जरा विसरले जाते. परत आल्यावर आंबेडकरांनी जी पहिली मोठी कामे केली त्यांत एक होते वर्तमानपत्र काढण्याचे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. नावच बघा, मुक्यांचा नायक! आणि या पत्राची जाहिरात पैसे मोजून द्यायची तयारी असताना 'केसरी'ने ती छापली नाही, हे आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. बातमी सोडा, विकत घेतलेली जागासुद्धा मिळाली नाही. ज्याला आपले म्हणणे मांडायला दुसऱ्याच्या कागदावर पैसे देऊनही जागा नाही, त्याने बोलण्याचे शास्त्र शिकावे की नाही?

या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे असे आहे. सयाजीरावांची अट होती की शिकून आल्यावर बडोदे संस्थानात नोकरी करायची. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला गेलेही. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले, आणि ते शहर सोडून निघून आले. राजाने पैसे दिले होते, पण बडोद्याने छप्पर दिले नाही. म्हणून नुसती फी भरून शिष्यवृत्तीचे काम संपत नाही. शिकलेल्या मुलाला बसायला खुर्ची कोण देणार, हा प्रश्न तिच्यातच सोडवलेला असावा लागतो.

रंग पाहून मदत करण्याला विरोध अमेरिकेतही आहे. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द ठरवली. तो निकाल प्रवेशापुरता होता, पण त्यानंतर अनेक विद्यापीठांनी अशा शिष्यवृत्त्यांच्या अटी सैल केल्या, शब्द बदलले. विरोधकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. कुणाला तरी वगळणे हे वगळणेच, आणि गरीब गोऱ्या मुलालाही पोट असते. पण सरकारी जागा वाटणे वेगळे आणि कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीत आपल्या पैशाने एक दार उघडणे वेगळे, एवढा फरक मला वाटतो. सगळी दारे सगळ्यांना सारखीच उघडी झाली असती तर मीही म्हटले असते की आता हे पुरे.

एक आक्षेप मात्र मला स्वतःलाच टोचतो. जनसंपर्क हा काही धुतल्या तांदळाचा व्यवसाय नव्हे. जहांगीराचे चित्र हाही जनसंपर्कच होता. उद्या आपण एखाद्या गावड्याच्या मुलाला शिकवले आणि तो खाण कंपनीचा जनसंपर्क अधिकारी होऊन स्वतःच्याच गावाविरुद्ध पत्रके लिहू लागला तर? लिहीलही. त्याला तशी मोकळीक असावी. डॉक्टर झालेला मुलगा खेड्यात परतत नाही म्हणून आपण वैद्यकीय शिष्यवृत्ती बंद करत नाही. पण ती पत्रके आजही लिहिली जातातच, फक्त लिहिणाऱ्याला ते गाव माहीत नसते. माहीत असलेल्या दहांतला एक जण जरी लिहिता लिहिता थांबला, तरी काहीतरी बदलेल, अशी माझी आशा आहे. खात्री देता येत नाही.

आता आपल्या गोव्याकडे वळतो, कारण हे सगळे लांबचे वाटत असेल तर ते तसे नाही.

पोर्तुगीज अमदानीत मोझांबिककडून गुलाम आणून गोव्यात विकले जात. आपल्या भाषेत त्यांना खापरी म्हणत. तो शब्द अजून आहे, पण माणूस म्हणून नव्हे. कारवारला काळी नदीकाठी खाप्री देवाचे देऊळ आहे, लोक तिथे नवस बोलतात. गोव्यातल्या गोष्टींत खापरी येतो तो भूत म्हणून. या गुलामांपैकी जे पळाले ते घाट चढून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात शिरले. आजचे उत्तर कन्नडमधले सिद्दी बऱ्याच अंशी त्यांचेच वंशज. त्यांच्या घरातल्या बोलीत कोंकणी आणि मराठी मिसळलेली आहे. म्हणजे आपल्या भाषेचे हे नातेवाईक! पण मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की फक्त जंजिरा आठवतो. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये, आणि त्यांच्यातले शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नेमले गेले २०२० मध्ये. मधल्या शतकांत त्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले ते इतरांनी लिहिले.

आणि फार मागे जायलाच नको. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर एका नायजेरियन माणसाचा गोव्यात खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि पुढे कित्येक दिवस आपल्याकडे काय काय बोलले गेले ते आठवा. राज्याच्या एका मंत्र्यांनी नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण शब्द सुटला तो सुटलाच. त्या दिवसांत मेलेल्या माणसाचे घरदार, त्याची बाजू, त्याच्या देशबांधवांची बाजू आपल्या भाषेत आपल्याला समजावून सांगणारे कोण होते? मला तरी कुणी आठवत नाही. अमली पदार्थांचा धंदा करणारे त्यांत नव्हते असे मी म्हणत नाही. पण एका सबंध खंडाच्या माणसांचे चित्र आपण चार दिवसांत रंगवले, आणि ते अबुल हसनच्या चित्राहून फार वेगळे नव्हते.

दुसऱ्याने दिलेले चित्र नाकारता येते, हेही गोव्याला माहीत आहे. कलावंत, भाविणी, देवळी म्हणून ज्यांना हिणवले गेले त्या घरांनी एकत्र येऊन आपले नाव आपण ठरवले, गोमंतक मराठा समाज. मुलांच्या शिक्षणाला मदत केली, मासिके चालवली, पुस्तके लिहिली. राजाराम पैंगीणकरांनी आत्मचरित्राला नाव दिले 'मी कोण?' प्रश्न साधा आहे, पण तो स्वतः विचारणे आणि उत्तरही स्वतः देणे ही केवढी मोठी गोष्ट! त्याच समाजातून गोव्याला पहिला मुख्यमंत्री मिळाला.

पुन्हा एकदा बऱ्हाणपूरला जाऊ आणि मग थांबू. त्या जिल्ह्यात नेपानगर नावाचे गाव आहे. वर्तमानपत्राचा कागद तयार करणारा देशातला पहिला कारखाना तिथला. १९४७ मध्ये कंपनी स्थापन झाली, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी कारखाना देशाला अर्पण केला. जागा निवडली ती आसपासच्या रानातल्या सालईच्या लाकडासाठी आणि बांबूसाठी. ते रान कोरकू, भिलाला, बारेला या आदिवासींचे. त्यांच्या सालईचा लगदा झाला, लगद्याचा कागद झाला, आणि त्या कागदावर देशभर वर्षानुवर्षे अग्रलेख छापून आले. पुढे कारखाना रद्दीपासून कागद करू लागला, २०१६ मध्ये उत्पादन थांबले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पण माझ्या मनात येते ते वेगळेच. त्या सगळ्या टनावारी कागदावर एखाद्या कोरकू मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहिलेला मजकूर कितीसा छापून आला असेल? लाकूड त्यांचे, आणि अक्षर दुसऱ्याचे. बऱ्हाणपूरपासून थोड्याच अंतरावर, खांडव्याला, माखनलाल चतुर्वेदींच्या नावाच्या पत्रकारिता विद्यापीठाचे केंद्रही आहे. चतुर्वेदींनी खांडव्यातूनच 'कर्मवीर' चालवला. म्हणजे शिकवणारी संस्था आहे, कागद आहे, मुले आहेत. मधला पूल तेवढा पक्का हवा.

गोव्यात आपण गेलेल्या माणसांची आठवण हौसेने ठेवतो. स्मृतिप्रीत्यर्थ एकांकिका स्पर्धा, भजनी स्पर्धा, क्रिकेटचे सामने, आणि दहावीला पहिल्या आलेल्याला घड्याळ किंवा पाकीट. यातले काही वाईट नाही. पण पहिला आलेला बहुतेक वेळा तसाही पुढे जाणारच असतो. २५ मे २०११ रोजी बाळ्ळीला आदिवासींच्या हक्कांसाठी झालेल्या आंदोलनात मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप हे दोन तरुण गेले. दरवर्षी त्या दिवशी त्यांना आदरांजली वाहिली जाते, भाषणे होतात. मला वाटते, त्यांच्या नावाने गावडा, कुणबी, वेळीप मुलांसाठी पत्रकारितेची आणि जनसंपर्काची एक शिष्यवृत्ती असावी. एकच असली तरी चालेल. फी, पणजीत राहण्याची सोय, आणि शिक्षण संपल्यावर एखाद्या वर्तमानपत्रात, आकाशवाणीत किंवा कंपनीत वर्षभराची पगारी जागा. पहिला नंबर मागू नये. ज्याला आपल्या गावाबद्दल दोन पाने सरळ लिहिता येतात त्याला द्यावी, मराठीत लिहो की कोंकणीत. आणि घाटापलीकडच्या सिद्दी मुलांसाठीही त्यात एक जागा राखावी. त्यांच्या पणज्यांना विकण्याचा बाजार आपल्याच जुन्या राजधानीत भरत होता.

हे करायला सरकारच हवे असे नाही. गावातल्या एका घराने म्हाताऱ्या आईवडिलांच्या नावाने ठेव ठेवली आणि चार वर्तमानपत्रांशी बोलून जागा ठरवली, तरी सुरुवात होईल.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे. ज्या बुर्हानुद्दीन गरीब या सूफी संताच्या नावावरून बऱ्हाणपूरला नाव मिळाले, त्यांचा दर्गाही तिथेच. आयुष्यभर ज्या शहराशी झुंजला, त्याच शहराच्या संताच्या गावी हा हबशी निजला आहे. डोके धडावर शाबूत आहे. चित्रात तसे दिसत नाही, इतकेच.

त्या स्नेह्यांना पुढच्या लग्नात गाठून हे सगळे सांगायचे आहे. ऐकतील की सोलकढी मागवतील, देव जाणे!